सासऱ्यांच्या नावाची मुंगी

नव्या मुंगीला सासऱ्यांचं नाव द्यायचं, असं मुंगीमास्तरांनी ठरवलं आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

मास्तर कॉलेजात किडे-मुंग्या शिकवायचे. कॉलेजमागच्या रानात त्यांना एक मुंगी सापडली, आजवर कुणीच न नोंदवलेली. काळी, दांडगी, रांगेने जाऊन वाळवीच्या घरावर धाड घालणारी. तिला नाव द्यायचा मान अर्थातच मास्तरांचा. आणि सासरे होते निवृत्त फौजदार. लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाला "मुंग्यांवर पोट भरतं का?" याखेरीज काही विचारलं नव्हतं. (भरायचं. पण ते सांगायची हिंमत कुणाला?) आता तरी सासरे एकदा पाठीवरून हात फिरवतील, एवढीच बिचाऱ्याची आस होती.

रविवारी सासरे मुक्कामाला येणार म्हणून मास्तरांनी मुंग्यांची काचेची पेटीच घरी आणली.

"ही ब्याद घरात कशाला?" बायको कडाडली.

"अगं, हिला बाबांचं नाव देतोय."

"माझ्या बापाचं नाव मुंगीला? त्यापेक्षा माझं द्या. दिवसभर ओझी मीच वाहते!"

सासरे आले, जुन्या लाकडी आरामखुर्चीत विसावले. मास्तरांनी सुरुवात केली. "बाबा, आधी एकटी मुंगी टेहळणीला जाते. वाळवी दिसली की परत येऊन सगळी पलटण घेऊन निघते."

"म्हणजे खबरी ठेवलेत," सासरे पुढे सरकले. "आणि वॉरंट?"

"लागत नाही."

"नशीबवान आहेत लेकाच्या!"

सासरे चक्क हसले! त्या आनंदात मास्तर पेटीचं झाकण लावायला विसरले.

दुपारी सासरे खुर्चीत घोरत होते. त्या खुर्चीच्या पायात वाळवी आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, मुंग्यांना मात्र कळलं. बघता बघता काळी रांग खोलीभर पसरली आणि धाड पडली ती थेट फौजदारसाहेबांच्या बुडाखाली. साहेब ओरडत टेबलावर चढले. मास्तर पलटण आवरायला अनवाणी धावले आणि टाचेला असा डंख बसला की त्यांनी तिथेच बसकण मारली. तेव्हा सासऱ्यांनी टेबलावरून उडी टाकली, जावयाला खांद्यावर घेतलं आणि पलंगावर नेऊन निजवलं.

"फार दुखतंय का हो, जावईबापू?"

मास्तरांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस त्यांच्याशी मायेने बोलत होता. टाच संध्याकाळीच बरी झाली, पण असं सुख कोण सोडतं? दुसऱ्या दिवशीही मास्तर भिंत धरून लंगडत होते आणि सासरे स्वतःच्या हाताने चहा करून देत होते.

"काय हो," पलंगाशी बसत सासऱ्यांनी विचारलं, "तुमच्या मुंग्यांत कुणी जखमी झालं तर?"

मास्तरांना आणखी काय हवं होतं? "उचलून घरी नेतात, बाबा! आणि गंमत ऐका. सोबतिणी जवळ असल्या की जखमी मुंगी जास्तच लंगडते, कुणीतरी उचलावं म्हणून. आसपास कुणी नसलं, की कशी तुरुतुरु चालते!"

बोलून झालं आणि मास्तरांनी घाईघाईने टाच पांघरुणात लपवली.

सासरे शांतपणे म्हणाले, "सकाळी मी अंगणात होतो. तुम्ही उड्या मारत गच्चीवर गेलात ते दिसलं मला. मी काही बोलणार नव्हतो. पण उभी हयात चोर पकडण्यात गेली माझी, न विचारता असा पुराव्यासकट कबुलीजबाब देणारे तुम्हीच पहिले!"

आणि त्यांनी खरोखरच मास्तरांच्या पाठीवरून हात फिरवला. मास्तरांना धीर आला.

"मग बाबा, मुंगीला तुमचं नाव..."

"माझं कशाला? तुमचंच द्या, शोभेल." सासरे उठले. "आणि तो कप तेवढा आत ठेवून या. मी बाहेर जातो, म्हणजे तुम्हाला चालता येईल."