गिटारीचं पोट

मानवतच्या सटवाजी सुताराचा आपल्या गुण्यावर, त्या काटकोनी पट्टीवर, फार विश्वास. दार असो की बाज, गुण्याला जे जुळत नाही ते चुकलेलं. त्यामुळे रेल्वेचे गार्डसाहेब घोडी उखडलेली गिटार घेऊन आले, तेव्हा त्यानं पुढचं काही ऐकूनच घेतलं नाही. ज्या लाकडी घोडीवर तारा ताणतात, ती बसवायला किती वेळ लागतो? "जुमेरात को ले जाव," म्हणाला.

कापसाचे व्यापारी नागप्पा तिथंच बसले होते. महादेवाच्या नव्या पालखीचं काम कोणाला द्यायचं, ते त्यांच्याच हातात. "हे जमलं तर पालखी तुमची," ते म्हणाले. "न्हाई तर सेलूच्या मिस्त्रीला सांगावा धाडतो."

सटवाजीनं शिसवाची घोडी केली, तळ रंध्यानं आरशासारखा सपाट केला आणि सरस लावून बसवली. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर घोडी मधोमध टेकलेली आणि दोन्ही टोकं अधांतरी. बोट लावताच ती निघून हातात आली. त्यानं गिटारीच्या वरच्या फळीवर गुण्या धरला. फळी मधे फुगलेली.

"दमट हवा लागलीया," त्यानं निदान केलं. गिटार दोन तास उन्हात ठेवली. फळी बसेना. मग त्यानं तिच्यावर घरातला वरवंटा ठेवला. आतून कर्रर्र आवाज आला, तसा सटवाजीनं वरवंटा घाईनं उचलला.

तेवढ्यात चटणी वाटायला वरवंटा सापडेना म्हणून त्याच्या पत्नी धुरपताबाई बाहेर आल्या. "माजा वरवंटा हितं काय करायलाय?"

"फळी सरळ करायलाय."

"फुगली कशावरून? आत तरी बघितलं का?"

सटवाजीनं भोकातून आत पाहिलं. तुटलं काही नव्हतं, पण फळीखालच्या आडपट्ट्यासुद्धा कमानदार कोरलेल्या. म्हणजे घडवणाऱ्यानं पोट मुद्दाम दिलं होतं. 

"नवा वरवंटा आनला तवा तो पाट्यावर बसत व्हता का?" धुरपताबाईंनी विचारलं. "घासून घासून बसला. का पाटा ठोकून सरळ केलाव तुमी?"

"त्या चटनीचं आन् ह्याचं काय..." सटवाजी म्हणाला आणि मधेच थांबला. मग त्यानं काचकागद घेतला, खरखरीत बाजू वर करून गिटारीच्या पोटावर ताणून चिकटवला आणि त्यावर घोडी घासू लागला. घाई नाही, जोर नाही. दुपारपर्यंत तळाला पोटाचाच आकार आला. काचकागद काढून घोडी ठेवली, तर खालून केसभर उजेड दिसेना. सरस लावला, दोरीनं आवळली, दिवसभर हलवली नाही. घोडीच्या वरच्या खाचेत शिंगाची पट्टी बसवली आणि तारा तिच्यावरून ताणल्या.

जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, गार्डसाहेबांनी उंबऱ्यातच एक गत वाजवली, "बहोत खूब" म्हणाले आणि गाडी गाठायला पळाले.

"पालखी तुमची," हे बघायलाच आलेले नागप्पा म्हणाले. "आवो, पालखीचा दांडाबी कमानदारच आसतोय. म्हनून बघायलो व्हतो. हे गोलाव्यावर बसवायचं कुन्या उस्तादाकून शिकलाव?"

आतली बांगड्यांची किणकिण थांबली. सटवाजीनं अंगरख्यावरचा भुसा झटकला, पुन्हा एकदा झटकला.

"उस्ताद आत हायती," तो म्हणाला. "च्या ठिवायलेत. घिऊनच जावा."