मौनकाळाचा महिना

भाषा कशी शिकवायची, हे मला कुणी सांगू नये! सव्वीस वर्षं परळच्या शाळेत मराठी शिकवतेय. तरी डिसेंबरात दादरला तीन दिवस प्रशिक्षण झालंच आणि हातात पुस्तिका पडली, ‘भाषाशिक्षणातील चाळीस संज्ञा’. त्यातली एक प्रत्यक्ष वापरून दाखवायची, नाहीतर मे महिन्यात पुन्हा प्रशिक्षण! मे म्हणजे माझं देवगड, माहेरचे आंबे, दुपारची झोप. मी आधीच दमलेली बाई. सगळ्यात कमी कष्टाची संज्ञा हुडकली: मौनकाळ. नवी भाषा शिकणारा आधी नुसता ऐकतो, त्याला बोलायला लावू नये. म्हणजे मीही काही करायचं नाही!

विद्यार्थिनी समोरच्या खोलीतच होती. करी रोडच्या आमच्या चाळीतल्या मीराबाईंची नवी सून नेरिसा, माहीमची ख्रिश्चन मुलगी. मुलगा वैभव लग्नाच्या चौथ्या दिवशी जहाजावर गेला आणि सासूसुनेत तोडकंमोडकं हिंदी तेवढं उरलं.

“महिनाभर तिला बोलू देऊ नका. तुम्हीच मराठीत बोला,” मी बजावलं.

“ता माका बरा जमतला!” मीराबाई खूश.

सुनेनं तोंड उघडलं की त्या ओठांवर बोट ठेवायच्या, “श्श!” पंधरा दिवसांत चाळभर बातमी, मीराबाईंची सून मुकी! तळमजल्यावरचे तात्या तिची वाचा फुटावी म्हणून वेखंड उगाळून घेऊन आले. मी मात्र रोज दारातून डोकावून वहीत लिहायची, ‘प्रगती उत्तम. अजून गप्प.’

मीराबाईंच्या हळदीकुंकवाला प्रशिक्षणाच्या दीपिका मॅडम पाहणीला आल्या, आणि नेमका शेजारणींनी नेरिसाला घेराव घातला.

“नाव घे गो! उखाण्याशिवाय सोडणार नाय!”

मी हात पसरून मध्ये उभी. “कुणी बोलायला लावायचं नाही! मौनकाळाचे चार दिवस बाकी आहेत!”

“ओ बाई, शाळा शाळेत ठेवा!” शेजारची चंपा ओरडली.

“बाई, जरा बाजूला होता?” हे नेरिसा बोलली! आणि खणखणीत आवाजात,

“माहीमच्या खाडीला भरतीची लाट,
वैभवरावांची बघते बंदरावर वाट!”

मीराबाईंच्या हातून कुंकवाचा करंडा सुटला. “तुका मराठी येता?”

“घरी आम्ही मराठीच बोलतो, आई. तुम्ही हिंदी बोललात, म्हणून मीही बोलले. मग तुम्ही श्श केलंत. मला वाटलं, तुमच्यात नव्या सुनेनं सुरुवातीला बोलायचं नसतं!”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा समुद्रावर, आणि पोरगी माझ्या आळसापायी महिनाभर तोंड दाबून बसलेली!

दीपिका मॅडमनी माझ्या वहीत शेरा लिहिला, ‘संज्ञा क्रमांक एक वाचावी. पूर्वज्ञान: शिकवण्याआधी विद्यार्थ्याला काय येतं, ते विचारावं.’

“मेमध्ये भेटू,” त्या म्हणाल्या आणि वाण घेऊन गेल्या.

नेरिसानं मायेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“नाराज नका होऊ, बाई. पुस्तिकेतलं काही अडलं, तर मी समजावेन ना!”