अप्पांच्या दारातलं पाणी

परंड्यात शिवलिंगअप्पांचं चहा-भज्यांचं हाटेल होतं. त्या हाटेलात सगळा गाव बसायचा, एकटे अप्पा सोडून. गिऱ्हाइकाला म्हणायचं, "बसा की निवांत, हितं कुठं रेल्वे चुकतीय!" आणि स्वतः गल्ल्यावरून रस्त्यावर, रस्त्यावरून भट्टीपाशी, तिथून पुन्हा रस्त्यावर. मी समोरच्या माडीवर भाड्यानं राहायचो. त्यांच्याकडे नुसतं बघून माझे पाय दुखायचे.

त्यांची एक खोड मात्र खानदानी होती. हुसेनभाई भिश्ती मशकीतून दारापुढची धूळ भिजवेपर्यंत भट्टीला काडी लावायची नाही. त्यावरून दोघांचं रोज भांडण.

"हुसेनभाई, पानी शिंपडताय का अत्तर?"

"जादा बोललात तर कोरडं ठेवीन, अप्पा!"

एवढं झालं की दिवस सुरू. काशीबाई कपबश्या विसळायला बसायची, मोळीवाली लाकडं टाकायची, महादू आचारी बेसन कालवायचा. अर्ध्या गल्लीच्या चुली त्या एका भट्टीवर पेटायच्या.

निजामाचं राज्य गेलं आणि हुसेनभाई यायचे थांबले. गावाला पिळणाऱ्या रझाकारांशी या गरिबाचा काडीचा संबंध नव्हता, पण लोकांच्या नजरा फिरल्या होत्या. त्यांनी दाराला आतून कडी घातली. इकडे भट्टी थंड. काशीबाई आणि महादू ओट्यावर ताटकळत बसलेले, अप्पा रस्त्यावर येरझाऱ्या घालताहेत.

मला राग आला. खाली उतरून म्हणालो, "अप्पा, आड मागेच आहे. चार घागरी ओता आणि पेटवा भट्टी. या लोकांनी खायचं काय?"

"त्येच की! समद्यांची कामं खोळंबलीत, आन त्यो म्हातारा दार लावून बसलाय!"

"मग दुसरा माणूस लावा."

अप्पांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि ते चालू पडले; मीही त्यांच्या मागं निघालो.

हुसेनभाईंच्या दाराची कडी वाजवून अप्पांनी गल्ली गोळा केली. "धूळ नाकातोंडात चाललीय! लाज हाय का न्हाय?"

आतून आवाज आला, "बाहेर यायचं भ्या वाटतंय, अप्पा."

अप्पांचा आवाज एकदम खाली आला. मला तर तो त्यांचा वाटेचना.

"मला बी वाटतंय, हुसेनभाई. बायको गेली, पोरं सोलापूरला ऱ्हायली. सकाळी उठल्यावर माझ्याशी भांडाया तुमच्याबिगर कोन उरलंय?"

कडी निघाली. हुसेनभाईंची दाढी वाढली होती. त्यांच्याच गल्लीतल्या आडावर मशक भरली, पण ती त्यांना पेलेना. तेव्हा एरवी चामड्याला न शिवणाऱ्या त्या लिंगायत हाटेलवाल्यानं चामड्याची मशक स्वतःच्या खांद्यावर घेतली, दुसऱ्या हातानं हुसेनभाईंचं मनगट धरलं आणि भर बाजारातून निघाला. धोतर भिजून पायाला चिकटलं होतं. माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन बघत राहिली.

"बघता काय?" अप्पा ओरडले. "सरका, माझ्या मालकाला वाट द्या!"