टिपणीसांना मिळालेला नकार

टिपणीस कुणाच्याही ओटीवर टेकले की चहापाण्याच्या आधी विचारायचे, "काही सोलायचं-निवडायचं आहे का घरात?" घरची बाई गोंधळायची. शर्ट खोचलेल्या, चष्मा लावलेल्या साहेबापुढे वालाच्या शेंगा ठेवायच्या तरी कशा? पण ठेवल्याशिवाय हे ऐकायचे नाहीत. शेंगा असोत, लसूण असो, चिंच असो, मांडी घालून हात चालू करायचे आणि ज्या कामाला आलो त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. अशा माणसाच्या हाताखाली नोकरी करणं म्हणजे काय छळ असतो, ते मला विचारा.

नोकरी आमची विजेच्या लाईनीची. गल्लीतले खांब नव्हेत, डोंगर-शेतं ओलांडत लांबवर जाणारे टॉवर. ते कुठून न्यायचे हे टिपणीस ठरवायचे आणि मी राहनाळच्या ऑफिसात नकाशे काढायचो. पण मला सुखाने खुर्चीत बसू देतील तर शपथ. "मोकाशी, गाडी काढ. नकाशात माणसं दिसत नाहीत," म्हणायचे, की निघाली आमची वरात अंबाडीच्या पुढे.

त्यांची दोन व्रतं होती. एक, रेघ सरळ. वळणावरचा टॉवर जाडजूड बांधावा लागतो, लोखंड जास्त जातं, पण त्यांचा राग त्या खर्चावर नव्हता. "एकासाठी वळलो की पुढचा म्हणणार, माझ्यासाठी का नाही?" दुसरं, नकार घ्यायचा नाही. शेतकरी "न्हाय म्हंजे न्हाय" म्हणाला की हे शांतपणे सांगायचे, "नाही म्हणा, पण उद्या म्हणा." उद्या परत हजर. शेवटी तो माणूस संमती द्यायचा, पटलं म्हणून की कंटाळून, देव जाणे.

एका गावात मात्र घोळ झाला. नकाशात मोकळा माळ दिसला म्हणून रेघ तिथून काढली. गावात गेलो तर लोक तोंडावर हसले. तो होळीचा माळ निघाला. "सायेब, तारंखाली होळी पेटवू काय?" एका म्हाताऱ्याने विचारलं. शहाण्या माणसाने तिथे एक वळण घेतलं असतं. टिपणीसांनी अख्खी रेघच उचलून बाजूला सरकवली, सरळच्या सरळ. ती नेमकी येसूबाईच्या घरावर आली.

तारांखाली राहतं घर चालत नाही, ते हलवावंच लागतं. येसूबाई म्हातारी आणि एकटी. सारवलेलं कौलारू घर, मागे दुधीचा मांडव. तिला रस्त्याला लागून पक्कं घर मिळणार होतं. भिवंडीत कापडाच्या लूमवर ड्युटी करणाऱ्या तिच्या मुलाने होकारही कळवला होता. पण घर बाईच्या नावावर, आणि बाई म्हणाली, "न्हाय."

"उद्या म्हणा," टिपणीस म्हणाले.

मग रोज तिची ओटी आणि पुढ्यात शेंगा. पहिल्या दिवशी ती त्यांना सायेब म्हणाली. आठवडा होतोय तोवर, "दाना फोडतो किती रं, जरा हळू सोल," म्हणून खेकसायला लागली. आमच्या ऑफिसात कुणाची टाप नव्हती, पण इथे टिपणीस निमूट ऐकून घ्यायचे. एकदा तिने विचारलं, "घरी कोन कोन हाय तुज्या?"

"मी आणि खाली लूम," ते म्हणाले. कामतघरात कारखान्यावरची खोली, लग्न नाही, आई गेल्यापासून खानावळीचा डबा. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर हिंडून मला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून ती आम्हाला जेवल्याशिवाय सोडेना. भाकरी आणि वालाचं बिरडं. माझंही फावलं, खोटं कशाला बोलू.

ऑफिसातले मोठे साहेब मात्र तापले. एका दुपारी त्यांनी फोन केला तो आम्ही ओटीवर असतानाच. आवाज असा, की चुलीपाशी बसलेल्या येसूबाईलाही ऐकू गेलं. "होकार आणा, नाहीतर लाईन दुसऱ्याकडे देतो."

दुसऱ्या दिवशी गेलो तर शेंगा नव्हत्या. ओटीवर भांडी रचलेली, वर फडक्यात बांधलेले देव.

"अंगठा कुठं लावू?" तिने विचारलं.

"मावशी, हे काय?" टिपणीस म्हणाले.

"तुला तो सायेब बोलतो. माज्यापायी कशाला बोलनी खातो? मी काय, बसंन तिथं माजं घर."

टिपणीसांनी देवांचं गाठोडं उचललं, आत नेऊन जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "कागद राहिले ऑफिसात." कागद त्यांच्या पिशवीत होते. मीच घातले होते.

अंबाडी नाक्यावर त्यांनी गाडी थांबवली, चहा सांगितला आणि तसाच ठेवला. "मोकाशी, माझ्यासाठी कुणी बसायची जागासुद्धा सोडली नाही रे कधी," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

ऑफिसात गेल्या गेल्या त्यांनी सांगितलं, "बाईंचा नकार आहे. ठाम. शेजारच्या वरकस जमिनीवर भात पिकत नाही, तिचा मालक तयार होईल. लाईन तिथून वळवायची."

"तुम्ही वळण घेणार?" साहेब बघतच राहिले. "टिपणीस, काम काढून घेईन."

"घ्या. जो येईल त्यालाही वळावंच लागेल."

साहेबांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "तू होतास ना तिथे? बाई काय म्हणाली?"

"नाही म्हणाली साहेब," मी म्हटलं. माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

बरीच बाचाबाची झाली, पण वळण मंजूर झालं. मी जागेवर येऊन नवी रेघ काढली. येसूबाईचं घर तारांपासून चांगलं लांब राहिलं. मला मनापासून आनंद झाला. त्या घरी आता कुणाची संमती मागायची नव्हती.

संध्याकाळी मी उत्साहाने गाडी काढली. "चला साहेब, मावशीला सांगून येऊ."

"तू जा," टिपणीस म्हणाले. "सांग, वरूनच बदल झाला. मी कशाला? आता तिथे माझं काय काम?"