पावण्याचं गाऱ्हाणं

"आठ दिवस गो, फक्त आठ दिवस! मग पोरगा माझ्या खांद्यावरून खाली उतरला, तर नाव सांगणार नाय!"

हरिश्चंद्रानं शिमग्याला घरात पाऊल टाकलं आणि बायकोला, कमळाला, ही छाती ठोकून हमी दिली. तो मोठ्या आगबोटीवर आगवाला होता. बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा ओढायचा. साडेतीन वर्षांनी दहा दिवसांची रजा मिळाली होती. निघाला तेव्हा सदू पाळण्यात होता. आता चार वर्षांचा सदू दारात उभा राहून बापाला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होता.

"आये, ह्यो पावणा कुठचा?"

कमळा हसली. हरिश्चंद्रही हसला, पण त्याला ते लागलं.

सात वर्षांच्या राहीला बाप थोडाफार आठवत होता. ती दुसऱ्याच दिवशी त्याच्या मांडीवर बसली. सदू मात्र जवळ येईना. मुंबईहून आणलेली पत्र्याची आगगाडी त्यानं कोंबडीच्या खुराड्यात ठेवून दिली. हरिश्चंद्रानं बोटीच्या भोंग्याचा आवाज काढला, माकड होऊन दाखवलं, डोक्यावर उभा राहिला. सदू आयशीच्या लुगड्याआडून विचारी, "पावणा जाणार कवा?" आयशीच्या शेजारची त्याची जेवायची जागा आता पावण्यानं घेतली होती ना!

असे पाच दिवस गेले. हरिश्चंद्र मनातून पार खचला. इतक्या वर्षांची मजुरी ज्याच्यासाठी केली, तोच आपल्याला ओळखत नाही, हे त्याला सोसवेना.

मग त्याच्या ध्यानात आलं, की सदूला एकाच गोष्टीचं वेड आहे. पालखी! देवाची पालखी दोन दिवसांनी त्यांच्या वाडीत घरोघर येणार होती. झालं! हरिश्चंद्रानं पोफळीच्या झावळीची गळून पडलेली रुंद विरी आणली, बांबूची दांडी केली, काथ्यानं बांधली. कमळानं खण दिला. राहीनं चाफ्याची फुलं ओवली. देव म्हणून नारळ बसवला आणि त्याला काजळाच्या मिशा काढल्या.

सदू आधी तुळशीआडून बघत होता. मग पायरीवर आला. मग काथ्याचं टोक धरून बसला. आणि पाच दिवसांत पहिल्यांदाच बापाशी बोलला.

"ढोल कुठं हाय?"

हरिश्चंद्राला आभाळ ठेंगणं झालं! रिकामा डबा बडवला असता तरी पोर खूश झालं असतं. पण हा गडी धावत सुटला आणि पालखीपुढे ढोल वाजवणाऱ्या विठूकडून खराखुरा ढोलच मागून घेऊन आला.

राहीनं पुढची दांडी धरली, शेजारच्या मैनेनं मागची. पालखी अंगणात नाचू लागली. साडेतीन वर्षं कोळसा ओढलेले हात ढोलावर पडले, आणि तो आवाज सगळ्या वाडीत घुमला.

वाडीत एकच धांदल उडाली! पालखी? आज? गंगुबाईचं अंगण सारवायचं राहिलं होतं, ती शेणाच्या हातानंच ओटीचं ताट घेऊन धावली. म्हाताऱ्या धाकू गावकरानं मुंडासं गुंडाळत गुंडाळतच पळ काढला. जो तो अनवाणी आला, अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि हात जोडून मान खाली घातली. देवापुढे मान वर करून बघायची रीत नव्हती. हरिश्चंद्र डोळे मिटून ढोल बडवत होता, त्यालाही काही दिसलं नाही.

एवढ्यात सदूनं पालखी थांबवली. आता गाऱ्हाणं! एकानं देवाकडे मागणं घालायचं आणि बाकीच्यांनी होकार द्यायचा. त्यानं डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली.

"आमच्या घरात एक पावणा आलाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो माझ्या जागेवर जेवाय बसता म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याला लवकर बोटीत घाल आणि लांब धाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

यात सगळ्यात मोठा आवाज हरिश्चंद्राचा होता! लहानपणापासूनची सवय, गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडतं. वर त्यानं ढोलावर एक दणका हाणला आणि मगच आपण काय मान्य केलं ते त्याला कळलं.

धाकूनं मान वर केली. पालखीत मिशीवाला नारळ!

"अरे हरिश्चंद्रा! लाज नाय वाटत? सगळ्या वाडीला नारळाच्या पाया पडाय लावलंस!"

"पोरांचा खेळ वो, धाकूकाका..."

"खेळ? देवाचं नाव घेऊन गाऱ्हाणं झालं, वाडीनं होकार दिला. आता ता फिरायचं नाय!"

कमळानं पदर डोळ्यांना लावला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मुंबईहून तार आली. बोट लवकर सुटणार, ताबडतोब निघा! रजेचे तीन दिवस बुडाले, पालखीही हुकली. वाडीतल्या बायका सदूला वचकून राहू लागल्या. गंगुबाई तर हळूच येऊन त्याच्या हातावर गूळ ठेवून गेली. तिच्या आंब्याच्या कलमांना यंदा मोहोर कमी होता, त्यासाठी गाऱ्हाणं हवं होतं.

दुपारी बंदरावर सगळे पोचवायला आले. मुंबईला जाणारी आगबोट लांब उभी होती, तिथवर पडावातून जायचं होतं. हरिश्चंद्र पडावात बसला. सदूच्या काखेत मिशीवाला नारळ होता. एकाएकी त्यानं तो वाळूत ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पडावातले उतारू सवयीनं म्हणाले.

"पावण्याला परत आण म्हाराजा! ढोल वाजवाय कोण नाय!"

"व्हय म्हाराजा!"

एकट्या हरिश्चंद्राच्या तोंडून शब्द फुटेना. सदूचं बरोबर लक्ष होतं.

"पावण्या, तू म्हटलंस नायस!"

हरिश्चंद्र ताडकन उभा राहिला आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "व्हय म्हाराजा!"

मागं बसलेल्या तांडेलाला वाटलं, निरोप घेऊन झाला. त्यानं पडाव लोटला. हरिश्चंद्र धपकन कुणाच्या तरी आंब्याच्या करंडीवर बसला. काठावर सदू दोन्ही हात हलवत होता. बाबा म्हणवून घ्यायचं तेवढं राहूनच गेलं, आणि त्यासाठी आता आणखी तीन वर्षं कोळसा ओढायचा होता.