प्लॅटिनमला मांदेलीचा वास

मीरा रोडच्या 'सर्वमंगल' सोसायटीत भाडेकरूंनी मासे शिजवायचे नाहीत. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे त्यावर भांडताही येत नाही. मुर्धा या किनाऱ्यावरच्या गावातून आलेल्या रखमाबाईंनी लेकीच्या पीएचडीसाठी अकरा महिने हा वनवास काढला होता. समीक्षाला तीन महिन्यांत प्रबंध द्यायचा होता आणि रविवारी सोसायटीचं ना-हरकत पत्र मिळालं, तरच हे घर पुढे राहणार होतं.

नेमका शनिवारी समीक्षाने लॅबचा एप्रन घरी आणला. तो घरी आणायचा नसतो. पण सोमवारी बाहेरचे शास्त्रज्ञ येणार, म्हणून तो पांढराशुभ्र हवा होता. बाहीवर ओलिलअमीन नावाचं रसायन सांडलेलं. रखमाबाईंनी मोठ्या कौतुकाने तो गरम पाण्याच्या बादलीत बुडवला आणि अर्ध्या तासात चारही मजले घमघमले.

"काय गो, तुझ्या कालेजात म्हावरं इकतात काय?" रखमाबाईंनी नाकाला पदर लावला.

"आई, केमिकल आहे ते!"

घाबरून रखमाबाईंनी अगरबत्त्या लावल्या, एकदम सात. तिथेच सगळं बिनसलं. दहा मिनिटांत सेक्रेटरी सुर्वे दारात हजर, मागे दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन. सुर्वे मूळचे रत्नागिरीचे. पण सेक्रेटरी झाल्यापासून माशाचं नाव काढलं तरी चारचौघांत शहारून दाखवायचे.

"स्वच्छ घरात भरदुपारी सात अगरबत्त्या कशाला लागतात हो?" त्यांनी विचारलं.

फ्रिज उघडला, फ्लॉवर निघाला. कुकर उघडला, वरण निघालं. हंसाबेननी पलंगाखालीही वाकून पाहिलं, जणू सुरमई दुपारची तिथेच आडवी होते.

शेवटी समीक्षाने बादलीतला एप्रन वर धरला. सुर्व्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"मांदेली," ते म्हणाले. "ताजी नाही. पण मांदेलीच."

"आपको कैसे पता, सुर्वेभाई?" हंसाबेननी विचारलं.

"ऐकून आहे," सुर्वे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"काका, याला लिगँड म्हणतात," समीक्षा काकुळतीला आली. "प्लॅटिनम आणि निकेलचे अणू जमून इवलासा कण वाढतो ना, त्याच्या अंगाला हे चिकटून बसतं. ज्या बाजूला घट्ट बसेल, ती बाजू वाढू देत नाही. कण मग उरलेल्या बाजूंनी वाढतो. कोण कुठे चिकटलंय, त्यावर त्याचा आकार ठरतो."

"म्हणजे मॅनेजिंग कमिटी!" सुर्वे खूश झाले.

"अगदी तस्संच. फक्त कणाकडून काम करून घ्यायचं, तर आधी हे धुवून काढावं लागतं."

सुर्व्यांना ते कळलं नाही, नशीब. हंसाबेननी मात्र मुद्द्यालाच हात घातला.

"मच्छी नथी ने? फक्त केमिकल छे?"

"हो. अंगावर पडलं तर कातडी भाजते."

"तो कोई वांधो नथी!"

पत्रावर एक दिवस आधीच सही झाली. शिवाय सुर्व्यांनी खाली नोटीस लावली: तिसऱ्या मजल्यावरचा वास शास्त्रीय आहे, तक्रार करू नये.

नोटीस वाचून रखमाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा शास्त्राला हात जोडले. बुधवारी त्यांनी मुर्ध्याहून मांदेली आणली आणि तवा तापवला.

"आई, कुणी आलं म्हणजे?"

"येऊ दे. खाली लिवलंय, शास्त्र हाय."

तवा चुरचुरला आणि बेल वाजली. दारात सुर्वे! समीक्षाच्या मनात आलं: गेलं घर, गेला प्रबंध. सुर्वे आत आले, त्यांनी दार लावून घेतलं, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला.

"हे त्या दिवशीचं नाही," ते म्हणाले. "हे ताजं आहे."

सुर्व्यांनी खिशातून अगरबत्तीचा पुडा काढला आणि रखमाबाईंच्या हातात ठेवला.

"आधी या सगळ्या पेटवा," ते हळूच म्हणाले, "आणि मला चारच वाढा. घरी परत फ्लॉवर खायचाय."