काकूला बाजूला सारा

दामूअण्णांकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते आतूनच म्हणाले, "काकूला बाजूला सारा आणि या." दारात कोणी काकू नव्हती. एक जांभळा पडदा तेवढा लटकत होता. तो सारून आत गेले तर म्हणाले, "बसा, आजोबांवर बसा."

अंबरनाथच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्या भिंतीला लागून होती. अण्णा काड्यापेटीच्या कारखान्यात फिटर. चाळिशी उलटलेली, एकटेच राहत. कुळगावच्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा भावांनी शेत आणि भांडी घेतली. कोणालाच नको होतं ते सगळं अण्णांनी बैलगाडीत घालून इथे आणलं. मोठ्या काकूच्या फाटक्या पैठणीचा पडदा झाला. आजोबांच्या झोपाळ्याचा बाक झाला. वडिलांच्या कोटाचे खिसे भिंतीवर ठोकून त्यांत खिळे, सुया आणि चिठ्ठ्या ठेवल्या. रेशनकार्ड सापडेना झालं की अण्णा शांतपणे म्हणायचे, "वडिलांच्या डाव्या खिशात बघतो." पाणी तापवायचा जुना बंब म्हणजे आत्याबाई. त्या सकाळी भारी धुमसायच्या, आणि आमचे हे म्हणायचे की खऱ्या आत्याबाईही तशाच असणार.

बोहारीण चाळीत आली की अण्णांचं डोकं फिरे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ती गरीब बाई त्यांना वैरीण वाटे. मी एकदा होती नव्हती ती सगळी जुनी लुगडी देऊन तिच्याकडून पातेलं घेतलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वहिनी, माणसं देऊन पातेलं आणलंत." मला रागच आला. लुगडी माझी, पातेलं माझं, यांना काय त्याचं?

त्यांच्या घरात एकाच वस्तूला नाव नव्हतं. ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेलं निळं सुती लुगडं. ते त्यांच्या बायकोचं. ती पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. दर दसऱ्याला अण्णा ते लुगडं सावलीत वाऱ्याला घालत आणि पुन्हा घडी करून ठेवत. याचं काय करणार, असं मी न राहवून एकदा विचारलं. "अजून ठरलं नाही," एवढंच म्हणाले. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही ही तेव्हाची रीत. अण्णा 'आमच्याकडची' म्हणत, तेही क्वचित.

चाळीतल्या शेवटच्या खोलीत जमनाबाईचं बिऱ्हाड होतं. फाळणीनंतर कॅम्पातल्या बराकीत राहून इथे आलेली सिंधी माणसं. तिच्या सुनेला मुलगी झाली. बाळाचं पहिलं झबलं जुन्या, मऊ कापडाचं हवं, हे त्यांच्यातही आणि आमच्यातही. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वहिनी, हमारा पुराना सब उधर रह गया. इधर सब नया है." नवं म्हणजे कॅम्पात मिळालेलं खरखरीत मांजरपाट. माझ्या लुगड्यांचं तर पातेलं झालं होतं. मला फार लाज वाटली.

तिला घेऊन मी अण्णांकडे गेले. सगळं ऐकून ते काकूला खाली उतरवायला लागले. मी म्हटलं, पैठणीची जर टोचेल बाळाला. वडील लोकरीचे, तेही टोचणार. आजोबांच्या धोतराची गाळणी करून झालेली. मग अण्णा बाकावर बसून राहिले. शेवटी उठले, ट्रंक उघडली आणि निळं लुगडं कात्रीसकट जमनाबाईच्या हातात ठेवलं.

"कापा तुम्हीच," म्हणाले. "मला जमलं नाही."

चारपाच दिवसांनी झबली शिवून, धुऊन दोरीवर आली. अण्णा डबा घेऊन कारखान्यात निघाले होते, ते तिथे थांबले.

"जमनाबाई, सुमतीला पिळत जाऊ नका," ते म्हणाले. "आणि सावलीत वाळत घाला. उन्हानं रंग जातो." आणि खाली मान घालून गेले.

सुमती कोण, असं जमनाबाईनं मला विचारलं. बाळाचं बारसं अजून व्हायचं होतं. सहा वर्षं शेजारी राहून ते नाव मीही पहिल्यांदाच ऐकत होते. मी झबली दोरीवरून काढली आणि सावलीत नेऊन घातली.